सूचीत 'चंपा' ही एकच नोंद करावी की अनेक?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर कळेल. मामांचे १९५५ ते १९८० या काळातले प्रवासलेख तुम्ही भावंडं मिळून पुस्तकरूपात काढताय. सूची करायला बसलात आणि 'चंपा' ३४ ठिकाणी सापडली. कुठे ते स्टेशन आहे, कुठे राज्य, कुठे फूल, एके ठिकाणी तर न्याहारीतलं केळं. एकच नोंद करून पुढे ३४ पानांचे आकडे लिहावेत का, ही सगळी गावं चाफ्यावरूनच आहेत असं प्रस्तावनेत म्हणता येईल का, आणि मुखपृष्ठासाठी पांढऱ्या चाफ्याचं चित्र ठरलंय ते चालेल ना, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. सोबत काही वाक्यं उतरवून दिलीत, म्हणून उत्तर देता येतंय.

एकच नोंद करू नका, एवढं ठामपणे सांगते. बाकीचं परिस्थितीवर आहे. पुस्तक दीडशे पानांचं असेल तर चार-पाच नोंदींत भागेल, चारशे पानांचं असेल तर नऊ-दहा होतील. मामांची हस्तलिखितं हाताशी आहेत की नुसती मासिकांची कात्रणं, यानंही फरक पडतो. छापताना काना गळतो, ब-चा प होतो, आणि चांपा, चंपा, चंबा या तीन नावांतला फरक तेवढाच आहे. कुठला प्रवास कुठल्या साली केला हे घरात कोणाला आठवत असेल, तर निम्मं काम झालंच म्हणून समजा.

मी ३१ वर्षं मुंबईत ग्रंथसूची आणि कोशांच्या नोंदींचं काम करते आहे. सुरुवात चिठ्ठ्यांवर झाली, आता संगणकावर करते, पण एक सवय तीच आहे. संदिग्ध नाव आलं की मी त्याचा शेजार वाचते. मागच्या-पुढच्या चार ओळींत नदी कुठली आहे, पीक कुठलं, देव कुठला, माणसं काय भाषा बोलतात, लेखक तिथवर कशानं पोचला. चिठ्ठीवर नावाखाली हे शेजारी लिहायचे आणि निर्णय सर्वांत शेवटी. ही सवय मला एका चुकीनं लागली, ती सांगते, कारण तुमच्या मजकुरात तीच चूक व्हायची शक्यता आहे.

कामाचं तिसरं वर्ष असेल. एका स्मरणग्रंथाची सूची माझ्याकडे होती आणि त्यात 'चंपारण' सहा ठिकाणी होतं. माझ्या डोक्यात चंपारण म्हणजे १९१७ सालचा सत्याग्रह, गांधीजी, निळीचे मळेवाले आणि तीनकठिया, म्हणजे बिघ्यातल्या २० कठ्ठ्यांपैकी ३ कठ्ठ्यांत नीळ लावायची सक्ती. मी सहाही पानं 'चंपारण (बिहार)' खाली टाकून मोकळी झाले. पुस्तक छापून आलं. आठवड्याभरात भुलेश्वरकडचे एक वयस्कर वैष्णव गृहस्थ कार्यालयात आले. त्यांनी सूचीचं पान उघडून माझ्या टेबलावर ठेवलं, त्या ओळीवर बोट टेकवलं आणि शांतपणे म्हणाले, "बेन, आमचे महाप्रभुजी बिहारमध्ये नाही जन्मले." महाप्रभुजी म्हणजे वल्लभाचार्य, वैष्णवांच्या पुष्टिमार्गाचे संस्थापक. त्यांचा जन्म १४७९चा, आणि त्यांचं जन्मस्थान मानलं जाणारं चंपारण्य छत्तीसगडात, रायपूरच्या बाजूला, राजिमजवळ. सहापैकी चार उल्लेख तिथले होते. मजकुरात 'महाप्रभू' होतं, 'बैठक' (वल्लभाचार्य जिथे बसले ती पूज्य जागा) होतं, राजिमसुद्धा होतं. मी ते वाचलंच नव्हतं. मग शुद्धिपत्र छापलं आणि उरलेल्या प्रतींत मी आणि आमच्या शिपाईदादांनी ते डिंकानं एकेक करून चिकटवलं. दोन दिवस बोटं चिकट होती.

मुंबईत तर ही गल्लत होणं अगदी साहजिक. मोतिहारीकडचा टॅक्सीवाला "हम चंपारण के हैं" म्हणतो आणि काळबादेवीतले शेठ "चंपारण्याला जाऊन आलो" म्हणतात. दोघांचं गाव खरं, पण दोघांमध्ये शेकडो मैलांचं अंतर.

आता तुमची वाक्यं. 'चंपेला पहाटे उतरलो, स्टेशनाबाहेरच कोशाचं कापड घेतलं' आणि 'चंपेच्या टसरचा भाव ऐकून गप्प बसलो', ही दोन तुम्ही एकाच कंसात ठेवलीत. कोणीही ठेवील, कारण दोन्हीकडे रेशीम आहे. पण इथेच थांबायला हवं. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणाऱ्या लोहमार्गावर बिलासपूरच्या पुढे चांपा जंक्शन लागतं. हसदेव नदीकाठचं हे गाव कोसा रेशमासाठी नावाजलेलं. आता जांजगीर-चांपा असा जिल्हाच आहे. आणि तिकडे बिहारात भागलपूरला लागून चंपानगर आहे, तेही पिढ्यान्‌पिढ्या टसर विणणाऱ्यांचं. कोसा आणि टसर हे एकाच जातीचं रानरेशीम. छत्तीसगडात त्याला कोसा म्हणतात, बिहारात तसर किंवा टसर. म्हणजे रेशीम हा शेजारी इथे साक्षीला उपयोगी नाही, पण त्याला तिथले लोक काय म्हणतात ते उपयोगी आहे. मामांनी कानावर पडला तो शब्द तसाच उतरवला असेल, तर पहिली चांपा छत्तीसगडची आणि दुसरी भागलपूरची. दुसऱ्या लेखात गंगा येते का तेवढं पाहा. आली तर शंका उरत नाही. आणि पहिल्या नोंदीत 'चांपा (छत्तीसगड; तेव्हा मध्य प्रदेश)' असं लिहा. मामांनी लेखात मध्य प्रदेशच लिहिलेलं असणार, कारण छत्तीसगड राज्य २००० साली झालं. वाचकाचा गोंधळ तिथेच टळेल.

'वासुपूज्यांच्या चंपेत एक दिवस' हेसुद्धा भागलपूरचंच, पण मी ते टसरच्या वाक्याबरोबर ठेवणार नाही. ही चंपापुरी, अंगदेशाची राजधानी, कर्णाच्या अंगदेशाची. जैनांच्या बाराव्या तीर्थंकरांची, वासुपूज्यांची, पाचही कल्याणकं, म्हणजे जन्म, दीक्षा, निर्वाण असे आयुष्यातले पाच मंगल प्रसंग, इथली मानतात. बौद्ध ग्रंथांत राजगृह, श्रावस्ती, साकेत, कौशांबी, वाराणसी यांच्या जोडीनं मोठ्या नगरांत तिचं नाव येतं. महाभारत-पुराणांत तिचं आधीचं नाव मालिनी असं दिलंय. जमीन तीच असली तरी बुद्धकालीन नगर शोधणारा वाचक वेगळा आणि विणकरांची वस्ती शोधणारा वेगळा. म्हणून 'चंपा (अंगदेशाची राजधानी)' आणि 'चंपानगर (भागलपूर)' अशा दोन नोंदी करून दोन्हीकडे 'हेही पाहा' द्या.

तुमच्या यादीतला सर्वांत श्रीमंत भाग मला वाटतो तो 'चंपेचे राजे भद्रेश्वराचे भक्त' या लेखाचा. ही चंपा म्हणजे आजच्या मध्य आणि दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यावरचं, चाम लोकांचं राज्य. चिनी लेखक आधी या भागाला लिन्यी म्हणत. चंपा हे नाव ७व्या शतकातल्या शिलालेखांत दिसतं. ४थ्या शतकात भद्रवर्मन राजानं मिसोनच्या डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात शिवलिंग स्थापलं आणि त्याला स्वतःच्या नावावरून भद्रेश्वर म्हटलं. तिथली विटांची मंदिरं १९९९ साली जागतिक वारसा यादीत आली. १४७१ मध्ये व्हिएतनामी फौजेनं चंपेची राजधानी घेतली. त्या राजधानीचं नाव विजय. दक्षिणेकडचा उरलेला तुकडा पुढे १८३२ पर्यंत कसाबसा टिकला, आणि त्या तुकड्याचं नाव पांडुरंग. आजचं फान रांग शहर त्याच नावाचं बदललेलं रूप. याच राज्यात अमरावती नावाचाही प्रांत होता. मराठी पुस्तकाच्या सूचीत याचा परिणाम काय होईल ते लक्षात घ्या. पंढरपूर शोधणारा वाचक 'पांडुरंग' बघेल आणि व्हिएतनामच्या पानावर जाऊन पडेल; विदर्भातली अमरावती शोधणाऱ्याचंही तेच. म्हणून 'पांडुरंग (चंपा राज्यातला प्रांत)' आणि 'अमरावती (चंपा राज्यातला प्रांत)' अशा स्वतंत्र नोंदी कराच. एक चंपा सोडवताना अशी आणखी दोन नावं हाताला लागतात.

'चंपेचा तांदूळ' याच राज्याचा, त्याची पोटनोंद करा. लवकर पिकणारं आणि कमी पाण्यावर तगणारं हे भात. १०१२ साली दुष्काळ पडला तेव्हा चीनच्या सोंग घराण्यातल्या झेनझोंग सम्राटानं फुजियानमधून त्याचं बियाणं मागवून यांगत्से खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना वाटलं. पुढे चिनी शेतीत दुबार पीक वाढलं त्यात या भाताचा मोठा हात आहे. न्याहारीतली 'चंपा केळी' मात्र बंगाल-बिहारकडची, छोट्या केळ्यांची जात. तिचा राज्याशी संबंध नाही. ती 'केळी' खाली जाईल, किंवा गाळलीत तरी चालेल.

'चंबा' दोन ठिकाणी आहे, त्यातलं एक सोपं आहे. 'चंब्याचा रुमाल' म्हणजे हिमाचलातलं रावीकाठचं चंबा, तिथलं दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं भरतकाम. दुसरं वाक्य, 'कारगिल सोडल्यावर रस्त्याकडेला कातळात कोरलेला उंच चंबा', यात गाव नाहीच. ती मुलबेखची मैत्रेय बुद्धाची मूर्ती. मैत्रेयाला तिबेटी-लडाखी बोलीत चंबा म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थ प्रेमळ, मायाळू. चाफ्याशी त्याचं काही नातं नाही. ही नोंद 'मैत्रेय' खाली न्या आणि 'चंबा (मूर्ती)' समोर 'मैत्रेय पाहा' असं लिहा.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण प्रस्तावनेतल्या त्या वाक्याची मला काळजी वाटते. चंपक या संस्कृत शब्दावरून चंपा आणि चाफा आले, हे बरोबर. पण नाव फुलाचं दिसतं म्हणून गाव फुलावरून पडलं, असं होत नाही. पुष्कळदा फूल आणि गाव यांच्यामध्ये एखादं माणूस उभं असतं. चंब्याची गोष्ट अशी सांगतात की १०व्या शतकात राजा साहिल वर्मनानं भरमौरहून राजधानी हलवली आणि मुलगी चंपावती हिचं नाव नव्या गावाला दिलं. कुमाऊंमधल्या चंपावतचीही अशीच राजकन्येची कथा आहे. (हेच ते चंपावत, जिथल्या नरभक्षक वाघिणीला जिम कॉर्बेटनं १९०७ साली मारलं. तुमच्या यादीत वाघीण आहे का बघा, असली तर आणखी एक नोंद वाढली.) गुजरातेतलं चांपानेर राजा वनराज चावड्यानं आपल्या चांपा नावाच्या सोबत्यावरून वसवलं म्हणतात, तिथल्या चाफ्याच्या रंगाच्या दगडावरून नाव पडलं, असं दुसरं मत. आपल्याकडे बीडला चंपावतीनगर म्हणत आले, तेही राजाच्या बहिणीवरून असं सांगतात. व्हिएतनामच्या चंपेला अंगदेशाच्या चंपेचं नाव दिलं की फुलाचं, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

शिवाय काही ठिकाणी चंपा हे नाव मागाहून चढवलेलं असतं. चौल बघा, मांडव्याची लाँच धरली की मुंबईहून अर्ध्या दिवसात जाता येतं. कथा-माहात्म्यांत चौलचं नाव चंपावती, रेवदंड्याचं रेवती. ऐकायला किती गोड. पण बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांतले दानलेख वाचले तर तिथे व्यापाऱ्यांनी गावाचं नाव चेमुल असं कोरलंय, आणि ते चौल असं बहुतेक अभ्यासक मानतात. दगडावरचं चेमुल जुनं, चौल त्यातूनच सहज निघतं, चंपावतीतून ओढूनताणूनही निघत नाही. भेंडी बाजाराबद्दल 'बिहाइंड द बझार' ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात, पण तिथे भेंडीची झाडं होती हे साधं कारण मला जास्त पटतं. तिथे गोष्ट झाडाला झाकते, चौलला झाड नावाला झाकतं. दोन्हीकडे जुना कागद किंवा दगड काय म्हणतो ते आधी बघायचं. आणि चौपाटीवरची चंपी? ती चाँपना, म्हणजे दाबणं, चेपणं, यातली. इंग्रजांचा शाम्पू तिथूनच गेला. तीही चाफ्याची कोणी लागत नाही.

तेव्हा प्रस्तावनेत 'ही सारी गावं चाफ्याची' असं लिहू नका. सूचीत तर व्युत्पत्ती मुळीच घालू नका, ते सूचीचं काम नव्हे. मामांनी स्वतः एखाद्या लेखात नावाची कथा दिली असेल तर त्या पानाला 'नावाची कथा' अशी पोटनोंद द्या, म्हणजे जबाबदारी लेखाची राहते.

मुखपृष्ठाचं मी जरा सविस्तर सांगते, कारण चित्र छापलं की शुद्धिपत्र चिकटवता येत नाही. पहाटे दादरला केशवसुत उड्डाणपुलाखाली जाऊन नुसतं "चाफा द्या" म्हणून बघा. परवाच मी गेले होते. फुलवाल्या मावशींनी ओल्या फडक्याखालून पुडी काढता काढता विचारलं, "सोनचाफा का पांढरा?" त्या बाईला दिवसभर धंदा करायचाय, तिला संदिग्ध शब्द परवडत नाही. पुडीत दहा सोनचाफे होते, पाकळ्या अजून घट्ट मिटलेल्या, केशरी-पिवळ्या, देठाशी हिरवट. घरी येईपर्यंत पिशवीतल्या भाजीलाही वास लागला. संस्कृतातला चंपक तो हा. पांढरा चाफा, देवचाफा, खुरचाफा, ज्याची फांदी मोडली की दूध येतं, ते झाड मुळात मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचं. ते १५००नंतर युरोपीय जहाजांच्या वाटेनं इकडे आलं आणि आपल्या देवळांच्या आवारात असं रुळलं की परकं वाटेनासं झालं. त्याला चाफा म्हणतात एवढंच, बाकी दोघांचं कूळ वेगळं. नागचाफा, हिरवा चाफा, भुईचाफा हे सगळे असेच वेगवेगळ्या कुळांतले. भुईचाफा तर आल्या-हळदीच्या घरातला. सुवास आला की आपल्या लोकांनी त्याला चाफा म्हटलं.

तुमच्या पुस्तकाला ज्या लेखाचं नाव दिलंय, तो अंगदेशाच्या चंपेवरचा आहे असं तुम्ही लिहिलंत. मग पांढरा चाफा नको. बुद्धाच्या काळातल्या नगरीवर १५००नंतर आलेलं झाड बसेल. तिथे सोनचाफाच हवा. लाओसवरचा एखादा लेख आत असेल तर त्याच्या माथ्यावर पांढरा चाफा खुशाल घाला. लाओसचं राष्ट्रीय फूल दोक चंपा म्हणजे तोच. आणि इंडोनेशियावरचं काही असेल तर जपून, तिथे सोनचाफ्याला चंपाका म्हणतात आणि आपल्या पांढऱ्या चाफ्याला कंबोजा, म्हणजे पुन्हा देशाचं, कंबोडियाचं, नाव फुलाला.

चंपाषष्ठीच्या जेजुरीबद्दल विचारायचं कारण नाही, ती खंडोबाखाली जाईल आणि 'चंपाषष्ठी' ही स्वतंत्र नोंदही राहील.

राहिलं शेवटचं वाक्य, ज्यावर तुम्ही प्रश्नचिन्ह करून ठेवलंय: 'चंपेला पत्र टाकायचं राहूनच गेलं.' मी ते चार वेळा वाचलं. राज्याला पत्र टाकत नाहीत, प्राचीन नगरीलाही नाही. छत्तीसगडच्या चांपाला मामा कोणाकडे उतरले असतील तर त्या घराला पत्र जाऊ शकतं, आणि कोशाच्या कापडाचा लेख याच्याच आधीचा आहे. पण मराठीत 'चंपेला' हे गावाचं जितकं, तितकंच बाईचं. शेजारच्या ओळींत नदी नाही, देव नाही, गाडी नाही. इथे माझी रीत संपते. मामी आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना ते पान वाचून दाखवा आणि विचारा. त्या काय सांगतात ते कळेपर्यंत ती चिठ्ठी बाजूला ठेवा. चंपा कोणी नात्यातली, ओळखीतली निघाली, तर तिची नोंद सूचीत घ्यायची की नाही हे घरच्यांनी ठरवायचं.